पुढचा चेंडू अजून पडायचाय

विषय : पहिल्या बेसवर दिलेला 'सेफ' हा निर्णय रद्द करून तो 'आऊट' असा दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : बेसबॉल सामना, एल्क प्रेरी विरुद्ध न्यू मेट्झ, जुलै १९८७, नववा डाव, दोन आऊट.
अर्जदार : हार्लन नेसेथ, अंपायर. म्हणजे निर्णय देणाराही तोच.

आता तुम्हीच सांगा, हा कागद कुठल्या फायलीत लावायचा? तक्रार म्हणावी तर तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघांची सही एकच! अंपायरला शिव्या घालणारे तुम्ही पाहिले असतील, अंपायरच्या मोटारीची हवा सोडणारे तर आमच्या मिनेसोटात दर रविवारी भेटतात, पण अंपायरनेच येऊन, बाबांनो मी चुकलो, माझा निर्णय फिरवा, म्हणून लीगच्या समितीच्या मागे हात धुऊन लागावं... आणि तेही कधी, तर अडतीस वर्षांनी! बरं, विचारलं की हार्लन, अरे एवढा उशीर कसा, तर हा एक्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे वाजतायत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण छाती काढून म्हणतो, "उशीर? कसला उशीर? पुढचा चेंडू अजून पडलेला नाही!"

झालं होतं असं. आमच्या एल्क प्रेरीचा पिचर होता वेन्डेल क्लाइन, पंचविशीतला पोरगा, आठवडाभर गवताचे भारे फेकायचा आणि रविवारी चेंडू. त्या दिवशी तो असा काही फेकत होता की न्यू मेट्झचे सव्वीस आले आणि सव्वीस गेले, एकालाही पहिल्या बेसला, म्हणजे धावत गाठायच्या त्या पहिल्या चौकोनी गादीला, पाय लावता आला नाही. सत्ताविसावा गेला की नऊ डाव संपून परफेक्ट गेम. अहो, मोठमोठ्यांना जन्मात एकदा मिळत नाही! आणि असा गेम चालू असताना पिचरशी त्याबद्दल बोलायचं नसतं, अपशकुन होतो, म्हणून सातव्या डावापासून त्याच्या शेजारी बाकावर कोणी बसेना, सॉसेजच्या टपरीवरच्या बायकासुद्धा मोहरीचा सॉस हवा का हे खुणेने विचारायला लागल्या.

सत्ताविसावा कोण आला? गॉर्डी टेमके! त्या अख्ख्या उन्हाळ्यात त्याच्या बॅटला चेंडू लागला नव्हता, एकदा कुंपणाचा खांब लागला होता तेवढाच. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली, चेंडू आजारी बेडकासारखा दोन उड्या मारत गेला, आमच्या माणसाने उचलला, पहिल्या बेसकडे फेकला, तिथल्या हातमोज्यात तो चप्प करून बसला, आणि गॉर्डी अजून चांगला दोन ढांगा लांब, चेंडू आधी पोचला म्हणजे उघड उघड आऊट... आणि नेमका त्याच क्षणी गावाचा वादळाचा भोंगा वाजला.

अंपायर एकटा हार्लन. दुसरा यायचा होता तो गवत कापायला गेलेला. भोंगा वाजला तशी हार्लनची नजर गेली पश्चिमेला, आभाळ चक्रीवादळाआधी होतं तसं हिरवं झालेलं, आणि नजर परत आली तेव्हा सगळं मैदान त्याच्या तोंडाकडे बघतंय. काहीतरी बोलायला तर हवं! त्याने हात पसरले आणि ओरडला, "सेफ!"

मग सगळे पळाले. दोन्ही गावं ल्यूथरन चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांवर, वर वादळ घोंघावतंय, आणि खाली एका रांगेत वेन्डेल, गॉर्डी आणि मध्ये हार्लन. कोणी ओरडलं असतं, कॉलर धरली असती, तर बरं झालं असतं हो! पण आमच्याकडे माणूस संतापला की आवाज खाली आणतो. वेन्डेलने कॉफीचा घोट घेतला, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "वेगळाच निर्णय होता."

बस. एवढंच. पण आमच्या गावात 'वेगळाच' ह्या शब्दाच्या पुढे फक्त बंदूक येते.

वादळाने मैदानाचं कुंपण नेलं, सॉसेजची टपरी नेली, सामना पुढे कोणी खेळलं नाही. लीगने चार-शून्य अशी नोंद केली, एल्क प्रेरी जिंकली, आणि वेन्डेलच्या नावापुढे लागलं 'एक हिट दिली', म्हणजे परफेक्ट गेम गेला. वेन्डेलने पुढे मुख्य रस्त्यावर बार काढला, त्याचं नाव ठेवलं 'सव्वीस'. शुक्रवारी तिथे मासे तळतात, वास हार्लनच्या व्हरांड्यापर्यंत येतो, सगळं गाव तिथे असतं आणि एकटा हार्लन घरी बायकोच्या, म्हणजे लोर्नाच्या, हातचं टूना आणि नूडल्स खात बसतो. कोणी मनाई केली नव्हती. पण ह्याने त्या दाराच्या आत कधी पाय टाकला नाही.

आणि मग ह्या वसंतात तो टीव्हीवर मोठ्या लीगचा सामना बघत होता. अंपायरने आऊट दिलं, खेळाडूंनी दाद मागितली, अंपायरने कानाला यंत्र लावलं, तिकडे न्यूयॉर्कमध्ये कोणीतरी पडद्यावर बघितलं आणि इकडे निर्णय फिरला! कोणी मेलं नाही. कोणी गाव सोडून गेलं नाही. ज्याने चूक केली तो शांतपणे गुडघ्यावरची माती झटकत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. हार्लन खुर्चीतून उठलाच.

"लोर्ना! ह्यांना परत बघता येतं, मग मला परत बोलता का येऊ नये?"

लोर्ना विणकाम करत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, तुमचे फिरवायचे निर्णय काढायला बसलं तर त्या गाडीपासून सुरुवात करावी लागेल. ती मरून रंगाची गाडी घेतलीत ना, ती."

पण हा माणूस पेटला. लीगचं नियमपुस्तक काढलं, भिंग लावून वाचलं, आणि त्यात सापडलं की अंपायरला आपला निर्णय बदलता येतो, पुढचा चेंडू टाकला जाईपर्यंत. मग त्याने पान उलटलं. सामना संपला हे जाहीर करायचा अधिकार फक्त अंपायरला. आणि अंपायर तर काही जाहीर न करता तळघरात पळाला होता! म्हणजे सामना थांबला, संपला नाही. म्हणजे अजून नववा डाव चालू आहे. म्हणजे... बरोबर. पुढचा चेंडू अजून पडलेला नाही!

आता तुम्हाला वाटेल, वेन्डेल नाचला असेल. हार्लन 'सव्वीस'च्या बाहेर पायरीवर उभा राहिला, दारातूनच त्याने सांगितलं, आणि वेन्डेल ग्लास पुसता पुसता थांबला.

"फिरवणार? आणि मग मी काय करू?"

"काय म्हणजे? परफेक्ट गेम होईल तुझा!"

"हार्लन, परफेक्ट गेमवाले पुष्कळ आहेत. लुबाडलेला मी एकटा आहे. चार जिल्ह्यांतून लोक ती गोष्ट ऐकायला येतात, बियर पितात, तुला नावं ठेवतात आणि खुशीत घरी जातात. आणि पाटीचं काय? 'सव्वीस' खोडून 'सत्तावीस' लिहू? नको बाबा. मुकाट्याने घरी जा."

"मी चुकलो होतो, वेन्डेल."

"ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर धंदा चालतो!"

तिथून हा गेला गॉर्डीकडे, न्यू मेट्झला. गॉर्डीने त्याला गाडीत घातलं आणि थेट दफनभूमीत नेलं. तिथे गॉर्डीचा दगड तयार! आमच्याकडे शहाणी माणसं आधीच घेऊन ठेवतात, मरणाची तारीख तेवढी मोकळी. वर नाव, खाली बॅटचं चित्र, आणि त्याखाली, 'क्लाइनचा परफेक्ट गेम ह्याने मोडला.'

"ग्रॅनाइट आहे," गॉर्डी म्हणाला. "खोडरबर आणलंयस का?"

हार्लनने दगडाला नीट प्रदक्षिणा घातली. अक्षर छान आहे म्हणाला. मग म्हणाला, "पण गॉर्डी, तू दोन ढांगा लांब होतास."

"होतो."

"मग?"

"मग काय मग? अंपायर म्हणाला सेफ! अंपायरशी वाद घालणारा मी कोण?"

बघा म्हणजे! ज्याचं नुकसान झालं त्याला नको, ज्याचा फायदा झाला त्याला नको, लोर्नाला तर नकोच नको, आणि अर्ज मात्र येऊन पडला समितीच्या टेबलावर. समितीची अध्यक्ष बर्नीस ओयाला. आता ही बर्नीस लहानपणी हार्लनच्याच शाळेच्या बसमधून जायची. तीस वर्षं तो ती बस चालवत होता, अर्ध्या गावाला त्याने आरशातून दटावलंय. त्यामुळे बर्नीस बाकी सगळ्यांना उभं-आडवं घेते आणि हार्लन दिसला की आपोआप पाठ सरळ करून बसते.

"मिस्टर नेसेथ, निर्णय चुकीचा असला तरी तो निर्णय असतो. तुमच्या नजरेला जे दिसलं ते तुम्ही दिलंत. ते समितीला फिरवता येत नाही."

"तेच सांगतोय, बर्नीस. मला दिसलंच नाही! मी आभाळाकडे बघत होतो. जे बघितलंच नाही त्याचा निर्णय कसा होईल? ती नुसती आरोळी होती."

बर्नीसने पुस्तक चाळलं. खजिनदाराने चाळलं. मागच्या टेबलावर मटण बक्षीस असलेल्या गावच्या लॉटरीची तिकिटं फाडणारा माणूससुद्धा येऊन बघून गेला. आरोळीबद्दल नियम नव्हता.

"आज एक फिरवलं, तर उद्या सगळेच येतील," खजिनदार म्हणाला.

"येऊ देत की! ज्यांचा पुढचा चेंडू पडलेला नाही त्यांनी यावं."

शेवटी न्यू मेट्झवाल्यांनीच तोड काढली. ते म्हणाले, एवढंच ना? मग टाका तो पुढचा चेंडू! मैदान आहे, वेन्डेल आहे, एक चेंडू टाकला की मुदत संपली, अर्ज निकाली, आणि सगळे मासे खायला मोकळे. बर्नीसचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

रविवारी दोन्ही गावं मैदानावर. वेन्डेल मधल्या उंचवट्यावर चढला, पोट आधी, मग तो. गॉर्डी पहिल्या बेसवर उभा, कारण १९८७ मध्ये तो तिथेच होता. बॅट घेऊन न्यू मेट्झचा पोस्टमास्तर, बदली म्हणून. आणि त्यांच्या मागे हार्लन, जुना जाळीचा मुखवटा, जुना काळा कोट, बटणं लागत नव्हती, पण ताठ! असा ताठ की लोर्नाने विणकाम खाली ठेवलं.

"मिस्टर नेसेथ, 'प्ले' म्हणा," बर्नीस म्हणाली. थांबलेला खेळ अंपायरने 'प्ले' म्हटल्याशिवाय सुरू होत नाही, हे तुम्हाला माहीत असेल.

हार्लनने हातांची घडी घातली.

"मिस्टर नेसेथ!"

"बर्नीस, माझा अर्ज निकाली निघेपर्यंत मी तो शब्द उच्चारणार नाही. तू खाली बस."

आणि ती बसली! खरंच बसली हो, गवतावर!

वेन्डेलने हातातला चेंडू फिरवला, शिवणीवर बोटं लावली, आणि सवयीने मान वळवून पहिल्या बेसकडे बघितलं. तिथे गॉर्डी. तोच गॉर्डी, त्याच जागी, हात कमरेवर, तेच ते हसू. इतकी वर्षं वेन्डेल ही गोष्ट रोज सांगत होता, पण सांगताना बघत कुठे होता? तो उंचवट्यावरून उतरला, चालत हार्लनजवळ आला, आणि आवाज खाली आणून, म्हणजे आमच्याकडचा खरा आवाज, म्हणाला, "तू ते म्हण ना. आऊट. माझ्यापुरतं म्हण. समितीचं नंतर बघू."

तुम्हाला सांगतो, ह्याच शब्दासाठी हार्लन वसंतापासून झगडत होता, इतक्या वर्षांत ते मासे त्याने ह्याच शब्दासाठी खाल्ले नव्हते. त्याने मुखवटा वर केला. ओठ हलले. मग त्याने मुखवटा खाली घेतला.

"एकदा घाईत बोललो होतो, वेन्डेल. आता नियमाने बोलणार. मोठ्याने. सगळ्यांदेखत, आणि नोंदीत."

"आणि समिती नाही म्हणाली तर?"

"परत अर्ज करीन."

वेन्डेलने चेंडू पँटच्या खिशात टाकला, म्हणाला, "बार उघडायचाय," आणि निघून गेला. खिशात चेंडू घेऊन! न्यू मेट्झवाले दुसरा चेंडू आणायला धावले, पण आता टाकणार कोण?

राहिला गॉर्डी. तो बेस सोडेना. "खेळ चालू आहे ना? चेंडू वेन्डेलच्या खिशात आहे ना? मी पाय उचलला आणि त्याने येऊन मला चेंडू टेकवला, तर मी आऊट!" त्याला बर्नीसने समजावलं, बायकोने समजावलं, पाद्रीबाबांनी समजावलं. संध्याकाळी डास आले तेव्हा त्याने आपल्या मनाने मार्ग काढला. बेस उपटला आणि गाडीत टाकून घरी नेला. आता आरामखुर्चीपुढे ठेवलाय, त्यावर पाय ठेवून टीव्ही बघतो. कोणी काही बोललं की म्हणतो, "मी बेसवरच आहे."

तर सध्याची स्थिती अशी. चेंडू वेन्डेलच्या बारमध्ये गल्ल्याशेजारी आहे, कोणाला हात लावू देत नाही. पाटीवर अजून 'सव्वीस'च आहे, पण रंगाचा डबा आणून ठेवलेला लोकांनी पाहिलाय. शुक्रवारी हार्लन आणि लोर्ना बारच्या पायरीवर बसून मासे खातात, वेन्डेल स्वतः ताट बाहेर आणून देतो. आत ये म्हणतो. हार्लन म्हणतो, निकाल लागू दे.

समितीची बैठक दोनदा झाली. पहिल्या वेळी सदस्य पुरेसे नव्हते, दुसऱ्या वेळी बर्नीसने विषय पुढे ढकलला. मैदानाला नवीन पहिला बेस घेण्याची मागणी वेगळी आली आहे, तीही ह्याच फायलीला जोडली आहे. अर्ज विचाराधीन आहे.