औरंगाबादचे सहा मुद्दे

कडूबाई : पुन्हा म्हण. आन् बोट कशापायी रोखतोस? म्या तुझी आत्या हाय, रुद्रेश न्हाई.

शांतवन : तूच म्हणलीस ना, म्या रुद्रेश बनते, तू उत्तर दे!

कडूबाई : म्हणले. पर चाळीस वर्षं सुवार्ता सांगत गावोगाव हिंडले. लोक बायबलबाई म्हणायचे. पाटोद्याच्या बाजारात बायांनी उलटंसुलटं काय काय विचारलं, पर म्या एकीवर बी असे डोळे वटारले न्हाईत.

शांतवन : तुझ्या बाया साध्या होत्या. उद्या चर्च सुटल्यावर रुद्रेशच्या दुकानात, एसटीडी फोनपाशी सगळे जमणार हायत. तिथं वादात हरलो तर थर्मल वीज केंद्रावरची पोरं वर्षभर टिंगल करतील.

कडूबाई : टिंगलीला भ्यालास व्हय? मला वाटलं, प्रभूसाठी चाललास. बरं, तयारी काय केलीस?

शांतवन : औरंगाबादच्या प्रचारक ब्रदरकडून तीन कॅसेटी आणल्या. चौदा पानं झेरॉक्स. देव एक का तीन, त्याची पाच उत्तरं पाठ हायत. बाकीचे मुद्दे ते आज फोनवर सांगणार हायत.

कडूबाई : आपल्याकडं फोन कुठं हाय?

शांतवन : रुद्रेशचा नंबर दिलाय. तोच बोलावून देतो सगळ्यांना.

कडूबाई : अरं देवा! ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच घरून काठी मागवलीस?

शांतवन : मंग काय करू? गल्लीत दुसरा फोन न्हाई. आन् तो निरोप दाबून ठिवणारा न्हाई, इमानदार हाय.

कडूबाई : हां. मंग ह्या इमानदार माणसानं विचारलं काय होतं?

शांतवन : मंगळवारी, धा माणसांत. म्हणला, आमी लिंगायत बी पुरतो, तुमी बी पुरता. आमी बसवून पुरतो, तुमी झोपवून. झोपवता म्हंजी उठवणार कोण? सगळे हसले. माझं डोकंच फिरलं.

कडूबाई : रुद्रेश हसला?

शांतवन : तो… न्हाई. तो न्हाई हसला.

कडूबाई : आन् तू काय म्हणलास?

शांतवन : म्हणलो, तुमचे जिते असताना गल्ल्यावर बसतात, मेल्यावर बी बसूनच! लई टाळ्या पडल्या, आत्या.

कडूबाई : त्याचे अप्पा कवा गेले?

शांतवन : दिवाळीनंतर. दीड महिना झाला.

कडूबाई : कुठं बसायचे?

शांतवन : गल्ल्यावर… आत्या, मला सुचलंच न्हाई गं.

कडूबाई : आन् तुझ्या बापाच्या कबरीला पहिली कुदळ कुणी मारली?

शांतवन : अप्पांनीच. बस कर, आत्या.

कडूबाई : बस केलं. कॅसेटी फेकू नकोस, उत्तर तयार असावंच माणसानं. पर विचारणाऱ्याची मान खाली घालून आपला प्रभू मोठा होत न्हाई.

(बाहेर सायकलची घंटी वाजते.)

रुद्रेश : शांत्या! औरंगाबादचा फोन आलता बे. तवा दुकानात गर्दी, म्या एकटाच, बोलवायला येता येईना. ते म्हणले, लिहून घ्या. हे घे. सहा मुद्दे हायत. सातव्याला लाईन कटली.

शांतवन : तूच लिहिलंस?

रुद्रेश : मंग दुसरं कोण लिहिणार? चौथा समजंना, दोनदा विचारला. ते म्हणले, हा टाकला की समोरच्याचं तोंडच बंद. म्हणलं बरं, त्याच्याखाली रेघ मारतो.

कडूबाई : बस रे लेकरा, च्या टाकते.

रुद्रेश : नगं आत्या, दुकान उघडं हाय.

शांतवन : रुद्रेश, थांब. मंगळवारी म्या अप्पांवर लई घाण बोललो. माफ कर. उद्या समद्यांसमोर बी म्हणतो.

रुद्रेश : आईला कुणीतरी सांगितलं ते. तिनं गल्ल्यावरची अप्पांची गादी उचलली आन् आत नेऊन ठिवली.

शांतवन : म्या येतो तुझ्या आईकडं, दानम्मामायकडं. आत्ताच येतो.

रुद्रेश : चल. पर एक ऐक. म्या भांडायला विचारलंच न्हवतं बे. तुझ्या बापूंना माती देताना तू रडत बी होतास आन् गात बी होतास. अप्पांच्या टायमाला म्या नुसता रडलो. म्हणलं, ह्याला असं काय ठावं हाय, जे मला न्हाई?

शांतवन : कागद न बघता सांगू?

रुद्रेश : कागद माझ्याच हातात हाय. सांग.

शांतवन : येशू मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठला. ज्यांनी त्याला उठलेला बघितलं त्यांनी मार खाल्ला, जीव दिला, पर शब्द फिरवला न्हाई. आपण रचलेल्या खोट्यापायी एवढं कोण सोसतंय? म्हणून माझा इस्वास बसला. तो उठवणार, म्हणून झोपवतो. रडू तर येतंच.

रुद्रेश : आन् आमचे अप्पा?

शांतवन : ते मला ठावं न्हाई, रुद्रेश. प्रभू माझ्याहून लई दयाळू हाय, एवढं ठावं हाय. शाळा सुटल्यावर अप्पा आपल्या दोघांच्या बी हातावर गूळ-शेंगा ठिवायचे. मला बी आठवण येते त्यांची.

रुद्रेश : मंगळवारी असं बोलला असतास, तर दुकानाचं शटर ओढून ऐकलं असतं बे.