साहेब बदला

शिट्टी कुणी मारली? नाही, मला फक्त तेवढं सांगा काकू, त्या माणसाची बोटं बर्फाच्या लादीखाली चिरडली जात होती तेव्हा जी शिट्टी आली, ती कुणाची? दोषी तर अख्खं थिएटर आहे, पण त्या शिट्टीला वेगळी शिक्षा हवी. बसा ना, मी सरकते. तुम्हाला रक्त बघवेना म्हणून बाहेर आलात, हो ना? नाकाला रुमाल लावलाय त्यावरून म्हटलं. मी रक्तासाठी नाही आले. रक्त मस्त होतं, रक्ताला काय धाड भरलीय! मला प्रेक्षक बघवेनात. माझ्या मागचा एकजण प्रत्येक खुनाला ‘घे!’ म्हणत होता – जसं काही तोच वाढतोय. पलीकडे एक नवरा बायकोला समजावतोय, हा आता मरणार बघ, आणि ती म्हणते, कळतंय, पॉपकॉर्न इकडे दे. एक बाई तर रडतही होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या, एकदमच – म्हणजे डोळे पुसायला हात मोकळा नाही. हसू नका, मी गंभीर आहे. बरं, हसा.

आणि बाबा. माझे वडील हो. तुमच्या पुढच्याच रांगेत, पांढरे केस – दिसले नसतील तर ऐकू नक्की आले असतील. मध्यंतराच्या आधी उभे राहून ‘सोडू नकोस त्याला!’ असं ओरडले ना, ते आमचे बाबा. घरी ते टीव्हीचा आवाज कमी करतात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून – काय कळू नये? तर आम्ही बातम्या बघतो हे! दुकानदाराने फुटकी अंडी दिली तर आमच्याकडे आम्लेट होतं, अंडी परत जात नाहीत. आणि आज गळ्याची शीर फुगली होती त्यांच्या. कशासाठी, तर पडद्यावरच्या बापासाठी. बाप बर्फाच्या कारखान्यात, मुलीचा ऑफिसातल्या लोकांनी घात केला, मग हा एकेकाला उचलून लादीवर घेतो. मुलगी मरते कधी? नावं येऊन संपायच्या आत. हसते, केस उडतात, मेली – एक शब्द नाही बिचारीच्या तोंडी. पुढचं सगळं बोलायचं काम बाप करतो, तेही बर्फ फोडायच्या टोच्याने.

माझी ताई आहे आत, बाबांच्या शेजारी. हिरवा ड्रेस. तिच्याकडे बघून तुम्हाला काही कळणार नाही. तिच्या ऑफिसात कसं, कळलं सगळ्यांना, दिसलं कुणालाच नाही. तिचे साहेब काम समजावताना खुर्चीमागे उभे राहायचे, हात खांद्यावर – मग खांद्यावरून – असो, तुम्हाला कशाला सांगतेय मी. तर तिने तक्रार केली, आणि मागणी काय, तर आमच्या विभागाचे साहेब बदला. संपलं. ना बर्फ, ना टोचा. तेच तिने घरच्या ग्रुपवर दोन शब्दांत टाकलं, ‘साहेब बदला’ – आणि आमच्या आत्याने वाचलं, ‘साहेब, बदला!’ आत्याला वाटलं ही सूड घ्यायला निघाली! लगेच फोन, हुंदके, आपल्या घरात बदला-बिदला नको गं बाई, अशा लोकांची माणसं असतात. मी घसा फोडून सांगितलं, आत्या, बदला म्हणजे हा काढा, दुसरा आणा – पंखा बदला, नळ बदला, तसा साहेब बदला. छे! तेव्हापासून घरात तोच शब्द. ताईच्या बदल्याचं काय झालं? कशाला हवा तिला बदला? आणि त्यावर उपाय कोणते? तू नोकरी बदल. जायचा रस्ता बदल. फोन नंबर बदल. बाबा तर म्हणाले, कपडे जरा बदल. जगातलं सगळं बदलायची तयारी आहे, एक तो साहेब सोडून!

उद्या सकाळी ताईला चौकशी समितीपुढे बोलायचंय. गेली नाही तर तक्रार मागे घेतली असं धरणार. ती म्हणते, बाबा आले तर जाईन – आत येऊ नका, बोलू नका, नुसते बाहेर बाकावर बसा. मी म्हटलं, मी येते, तर म्हणाली, तू नको, तू भाषण करतेस. मी! भाषण! – तर ही तिकिटं मी काढली. हो, मीच. म्हटलं, बाबा बघतील, रक्त जरा सळसळेल, निदान उद्या दुपारपर्यंत टिकेल. कलेने माणूस बदलतो, असं आम्हाला कॉलेजात शिकवतात, काकू. पेपरात लिहून पासही झालेय मी. मध्यंतरात विचारलं, बाबा, उद्या येताय ना ताईबरोबर? ते ‘सोडू नकोस’ अजून ओठांवर ओलं होतं. म्हणाले, ‘अगं, पिक्चर वेगळा.’ आणि ताईपुढे पॉपकॉर्न धरलं. तिने घेतलंही. एकच दाणा. खाल्ला नाही, मुठीत धरून बसली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावरच्या पोरीला तसला बाप कसा मिळाला? मेली म्हणून! मेलेल्या मुलीसाठी अख्खं थिएटर उभं राहतं. वाचली असती तर तिलाही सांगितलं असतं, बाळा, नोकरी बदल. आमच्या ताईचं चुकलं एवढंच की ती अजून – नाही, नको, रुमाल नको, तो तुमचा रक्तासाठी आहे. ऐकलंत? पुन्हा तीच शिट्टी! जा तुम्ही आत, जा, शेवटचा साहेब उरलाय, तो चुकवू नका, मला काही – काय हो, डोअरकीपर दादा? मला म्हणताय? हो, हिरव्या ड्रेसमधली माझीच बहीण. का? काय झालं तिला?

“झालं काही नाही, मॅडम. त्या मघाशीच पलीकडच्या दाराने गेल्या, तुम्हाला सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, खरा बदला तर आता सुरू होतोय. तर म्हणाल्या, तो बाबांना बघू दे, मला उद्या बोलायचंय.”