हेडफोन एक, चालू

—आणि चार्जर हा घ्या, वायर इथे जरा सोललीये, पण मला मिळाला तेव्हाच तशी होती, तेही लिहा. बसा ना काका, उभ्या उभ्या कशाला लिहिताय? पलीकडची खुर्ची ओढा — ती नको, तिचा पाय गेलाय — हां, ती. कुणी नोकरी सोडून चाललं की शेवटी तुम्हीच येता नाही का फॉर्म घेऊन? लॅपटॉप एक, चार्जर एक, ओळखपत्र एक, कपाटाची किल्ली एक. यमदूतच की तुम्ही — रागावू नका, कौतुकानं म्हणतेय. बाकीच्यांनी तीन वाजता फुलं दिली, फोटो काढला, आणि जो तो आपल्या जागेवर. शेवटपर्यंत बसणारे एकटे तुम्ही. हेडफोन? हा काय. चालतो का म्हणजे — चालतो की! मी काय इतकी वर्षं नुसता डोक्यावर मिरवत होते? लिहा, हेडफोन एक, चालू.

कुठे चाललेय? लांब नाही हो. इथे गेमच्या बातम्यांची साइट, तिथेही गेमच्या बातम्यांची साइट. इथली पट्टी निळी, तिथली लाल. काम तेच — कुणीतरी चार वर्षं खपून गेम बनवायचा, मी तो दोन दिवसांत खेळायचा आणि दहापैकी मार्क द्यायचे. माझ्या आईला अजून वाटतं मी खेळण्यांच्या दुकानात आहे. सुरुवातीला समजावायचे, आता नाही समजावत. ती शेजारच्या बाईंना सांगते, आमची मोठी अजून खेळतेच आहे. एक्केचाळीस वर्षांच्या बाईबद्दल हे ऐकलं की माणसं हळूच विषय बदलतात.

नाही, हे काय, देतेच आहे लॅपटॉप. पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना? मग. एक छोटं काम राहिलंय. चार ओळींचं. दुपारपासून हे पान उघडून बसलेय आणि बटणावर बोट ठेवून आहे — दुपारपासून कसलं, चौदा महिन्यांपासून म्हणा. तुम्हाला घाई नाही ना? नसेलच. तुम्हाला कोण विचारतं, मलाही कोण विचारतं.

तिकडे मला का बोलावलं माहितीये? एका परीक्षणावरून. ‘अंधारात चार तास आणि हाती धुपाटणे’. मथळा माझाच. त्या छोट्या गेमला मी दहापैकी दोन मार्क दिले होते. एक मुलगी, घरातली वीज गेलेली, सगळा पडदा काळाकुट्ट, आणि तिनं बाहेर पडायचं, बस. मी लिहिलं, पात्र एक, संवाद शून्य, वाट दाखवणारं कुणी नाही, चार तास भिंतींना धडका. लोक इतके हसले — तो मथळा लोकांनी एकमेकांना पाठवला, त्याची चित्रं केली. मुलाखतीला गेले तर तिथल्या संपादकबाईंनी तोच मोठ्यानं वाचून दाखवला, टेबलाभोवतीचे सगळे खो खो हसले. म्हणाल्या, आम्हाला ही धार हवीये. दर आठवड्याला सदर लिहायचं. नाव ठरलंय — ‘धुपाटणे’. उद्यापासून. माझा फोटो, खाली नाव, वर धुपाटणे. मी पण हसले. हसायलाच लागतं ना तिथे.

हेडफोन कशाला ठेवताय पिशवीत, राहू द्या जरा. बघता? बघा ना लावून. येतंय ना ऐकू? — हां. उजव्याच कानात. हो, डावा बंद आहे. अहो, चालू म्हणजे उजवा चालू! तीन वर्षं झाली डावा जाऊन. एकदा तक्रार केली होती, तर त्यांनी फॉर्म दिला, त्यात लिहिलं होतं, बिघाडाचे कारण. आता मला काय माहीत कारण! राहून गेलं. आणि एका कानाची इतकी सवय झाली काका, की वाटायला लागलं, जग एवढंच वाजतं.

तर त्या गेममध्ये — आता निघालाच आहे विषय तर सांगते — त्या गेममध्ये आई होती. डाव्या कानात. मुलीच्या डाव्या हाताला धरून चालणारी आई. पहिल्या क्षणापासून बोलत असते, दोन पावलं पुढे ये, आता टेबल लागेल, जप, कोपरा आहे, घाबरू नको, मी आहे. शेवटपर्यंत बोलते. मी लिहिलं, संवाद शून्य. उजव्या कानात काय? पंख्याची घरघर आणि पावलं. चार तास मी पावलं ऐकली. आणि पहिल्याच पडद्यावर लिहिलं होतं हो, ठसठशीत अक्षरांत — दोन्ही कानांनी ऐका. मला वाटलं सुविचार आहे. त्याचीही टर उडवली मी, ‘सुरुवातीलाच उपदेशाचा डोस’. तीही ओळ लोकांना आवडली.

कुणी सांगितलं कसं नाही? सांगितलं ना! तिघांनी प्रतिक्रिया दिल्या खाली. एकानं लिहिलं, तुम्हाला आई दिसली नाही का. दुसऱ्यानं लिहिलं, आईला विसरलात. तिसऱ्याचं आठवत नाही, पण आई होती त्यातही. पुसल्या मी. तिन्ही. आमच्याकडे नियमच आहे काका, गेम खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रियेत कुणाची आई आली की वाचत बसायचं नाही, पुसायचं. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबरच ठरतं ते. वर आणि त्या पानावर प्रतिक्रियाच बंद करून टाकल्या, म्हटलं लोकांना ताळतंत्र नाही.

ज्यांनी बनवला त्या दोघी बहिणी. धाकटी चित्रं आणि प्रोग्रामिंग करायची — चित्रं कसली म्हणा, काळोखच — आणि थोरली आवाज. तिसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला. भांडण नाही, काही नाही. एकच ओळ. ‘ताई, तुम्ही हेडफोन लावला होता ना?’ मी उत्तर दिलं, ‘अर्थातच.’ खोटं नव्हतं हो ते! लावलाच होता! जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हटलं बघा, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे हसले. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. तेव्हा नव्हतं.

मग दीड महिन्यानं भाची आली राहायला, बहिणीची मुलगी, चौदा वर्षांची. कंटाळली म्हणून मीच दिला, म्हटलं हा खेळ, जगातला सगळ्यात रटाळ गेम आहे. तिचा स्वतःचा हेडफोन. मी भाजी चिरत होते, आणि ही पोरगी आतून मोठ्यानं म्हणते, हो गं, येते. मला वाटलं मला म्हणतेय. म्हटलं, मी कुठे बोलावलं? परत म्हणते, थांब ना, येतेय. मी आत गेले, म्हटलं कुणाशी बोलतेस? म्हणते, आईशी. म्हटलं, आई घरी आहे तुझी. म्हणते, गेममधल्या. पन्नास मिनिटांत बाहेर पडली ती त्या घरातून. मला चार तास लागले होते, तेही मी बाहेर पडले नव्हतेच — तेवढं लिहू नका कुठे — मी कंटाळून बंद केला होता. मग तिचा हेडफोन लावून बसले मी. शेवटी नावं येतात ना, त्यात होतं — आवाज: आमची आई. बाईला अभिनय येत नव्हता काका. मध्येच खोकली होती एकदा, ते तसंच ठेवलं होतं. इतका साधा आवाज. मी रडले. भाची म्हणाली, मावशी, तू तर दोन दिलेस.

आता? आता धाकटी शाळेत गणित शिकवते. थोरली लिफ्टच्या कंपनीत आहे, ते ‘दरवाजा बंद होत आहे’ वगैरे असतं ना, ते करते. आपल्या लिफ्टमधलं नाही, मी चौकशी केली होती. पुढचा गेम नाही आला त्यांचा. हाही काढून टाकला त्यांनी, आता कुठे मिळत नाही. त्यांची आई काय म्हणाली असेल, हे मात्र मला सारखं वाटतं. तिनं विचारलं असेल ना, कुणी काही लिहिलं का गं माझ्याबद्दल?

त्याच रात्री या चार ओळी लिहिल्या मी. चूक माझी, डावा कान बंद होता, आईचा आवाज मी ऐकलाच नाही, मार्क मागे घेते. छापल्या का नाही? छापल्या असत्या तर उद्याचं सदर कुठून मिळालं असतं! आधी म्हटलं आठवड्यानं छापू, हसू ओसरू दे. मग तिकडून बोलावणं आलं. मग म्हटलं मुलाखत होऊ दे. मग म्हटलं, जाता जाता. शेवटच्या दिवशी कोण काय करणार आहे माझं? आणि आज दुपारपासून बघतेय, बोट काही खाली जात नाही. उद्या त्या बाई मला काय म्हणतील — बहिरीला धार बघून घेतली होय?

किती वाजले? पाचला दहा कमी. बघा, तुम्ही आहात म्हणून होतंय हे. साक्षीदार लागतो माणसाला. हे बघा. दाबलं.

— हे काय? ‘परवानगी नाही.’ परत दाबते. परवानगी नाही. काका, हे काय दाखवतंय? ... बंद केलं? माझं लॉगिन? पाच म्हणाले होते ना! ... तीनला. तीनला तर मला फुलं देत होते. म्हणजे मी तिथे दात काढून फोटोला उभी, आणि इकडे — आणि तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत? ... हो. बरोबर आहे. मी बोलूच कुठे दिलं.

खरं सांगू? आत्ता क्षणभर बरं वाटलं मला. सुटले, वाटलं. माझ्या हातात नाही आता, वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

तो फॉर्म द्या इकडे. काय लिहिलंय, हेडफोन एक, चालू. खोडा ते. खोडा हो, वर सही करते मी. लिहा, डावा कान बंद. तीन वर्षांपासून, तेही लिहा. उद्या हा कुणाच्या तरी माथी माराल, आणि त्यालाही कळणार नाही. कारण? कारण लिहा, वापरणारीने सांगितले नाही.

आणि लॅपटॉप मिटू नका अजून, पेन राहू द्या माझ्याकडे. पान दिसतंय तोवर चार ओळी कागदावर उतरवून घेते. फोटो नको, फोटो फोनमध्येच राहील आणखी चौदा महिने, मी ओळखते मला. उद्या पहिलं सदर द्यायचंय ना, हेच देते. नाव त्यांनी ठेवलंच आहे. दुसरं सदर मागतात की नाही ते बघू.

तुम्ही जा आता, काका. पाणीबिणी पिऊन या. समोर कुणी बसलं की मी बोलत सुटते.