इहिरीजवळचे जोड

(हिंगणघाट, १९५८, कार्तिकातली पौर्णिमा. गिरणीत कामाला असलेल्या प्रेमदासच्या घरामागचं अंगण. वस्तीची विहीर याच अंगणात आहे, पण फळ्या टाकून बंद केलेली. न्हाणीपासून विहिरीच्या कडेकडेनं बाहेरच्या नालीपर्यंत चर उकरणं चाललं आहे. लहानू मिस्त्री चरात, प्रेमदास काठावर.)

लहानू : ...म्हून म्हनतो, खापरी नळाचं आता नावच नोको घेऊ. कुंभार दीड-दीड हाताचे नळ देते. तुह्या न्हानीपासून नालीपर्यंत बारा हात. मोज बरं किती नळ लागते.

प्रेमदास : आठ नळ. सात जोड.

लहानू : पाठच आहे तुले.

प्रेमदास : हव.

लहानू : मंग तेच सांगून राह्यलो ना बाप्पा. नळ फुटत नाई कधी, जोड फुटते. आता बिडाचा घेतला, ओतीव लोखंडाचा, तं चार हाताचा एक नळ. तीन नळात काम खतम, मधात जोड दोनच. जोडात ताग ठासाचा अन् वरून शिसं वितळवून ओताचं. थेंब बाहेर नाई येत. वजन लय राह्यते त्याचं, दोन मानसं लागन उचलाले. गंजते बी, पन गंजाले वीस-पंचवीस वर्षं लागते.

प्रेमदास : बरं.

लहानू : बरं काय? आंधी आयकून तं घे. दुसरा शिमिटचा. नागपूरहून येते. चांगला राह्यते, साफ राह्यते. पन आपली ही काळी माती उन्हायात फाटते अन् पावसायात फुगते. जमीन हालली का त्याले तडा जाते, अन् वरून काई दिसत नाई. तिसरा चिनी मातीचा. कपबशीवानी चिकना, मैल धरत नाई, साबन-खार काई लागत नाई त्याले. पन तो बी दोन हाताचाच. म्हंजे पुन्हा आले जोड. आता बोल.

प्रेमदास : तुमाले जो टाकाचा तो टाका.

लहानू : माह्या घरची मोरी आहे का ही? सारी वस्ती दोन महिन्यापासून घागरी घेऊन वना नदीवर जाऊन राह्यली. मुन्सिपल कमेटीचा साहेब सांगून गेला, का पक्का नळ टाकल्याबिगर इहिरीच्या फळ्या काढाच्या नाई. अन् तू म्हनतं, कोनता बी टाका.

प्रेमदास : मले समजत नाई मिस्त्री. तुमी बोलून राह्यले ते आयकू येते, पन आत जात नाई. गिरणीत बी तसंच. साचा चालू राह्यते, मी पाहत राह्यतो, धागा तुटला तं समजत नाई. जमादार ओरडते तवा समजते.

लहानू : शेवंतीले जाऊन किती झाले?

प्रेमदास : दोन महिने नऊ दिवस.

लहानू : रडला का तू?

प्रेमदास : नाई. येतच नाई.

लहानू : येईन. मायी माय गेली तवा मले सहा महिन्यानं आलं, अन् तेबी पुतन्याच्या, नारायनच्या लग्नात, पंगतीत बसलो असताना. लोक म्हने मिरची लागली. ...सरक जरासा, हा नळ वर घे. हं. मुदतीचा ताप, खराब पान्याचा तो, मोठमोठ्याईले नेते, ते तं पाच वर्षाचं लेकरू. कांताबाई काई बोलते का तुह्यासंग?

प्रेमदास : लागते तेवढं. मीठ संपलं. डबा भरला. एवढंच.

लहानू : बाया तिले काई काई बोलते म्हनते.

प्रेमदास : हव.

लहानू : मायी घरची सांगत होती. धुरपताबाई म्हनते, का हिनं पोरीचे तापातले कपडे इहिरीवर धुतले अन् इहीर बाटवली. बाटवली म्हनते! आपल्या बाया! हा शब्द आयकून आयकून आपल्या आजीचं, मायचं आयुष्य गेलं. गावच्या इहिरीवर हात जोडून उभ्या राहत, कोनी वरून पानी वाढलं तं घरी आनत. म्हून तं साऱ्याईनं मिळून ही खनली. पयल्या पान्याच्या दिवशी तूच नाचत होता इथं.

प्रेमदास : तिनं इहिरीवर नाई धुतले कपडे. न्हानीत धुतले.

लहानू : मंग तू सांगत काऊन नाई बायाईले?

प्रेमदास : घमेलं द्या इकडं, माती टाकतो.

लहानू : हा पाह्य, तिसरा जोड. दगडावानी आहे. हे तीन माह्या हातचे, मागच्या साली भरले ते. हातोडी मारली तरी सुटत नाई. आता चौथा... अरे.

प्रेमदास : काय झालं?

लहानू : हा तं बोटानं निंगून राह्यला. च्यामारी! माती आहे ही. पाचवा बी. सहावा बी तसाच. हे पाह्य, सारी माती वाहून गेली, निस्ती पोकळी राह्यली. अन् आजूबाजूची जमीन ओली गच्च. इहिरीचा कडा दोन हातावर. प्रेमदास, मी तीन जोड भरून वडनेरले कामावर गेलतो. अर्धं पोतं शिमिट तुह्या हवाली करून गेलतो. म्हटलं, बाकीचे चार भरून घेजो. शिमिट कुठं गेलं?

प्रेमदास : झेंड्याच्या ओट्यात.

लहानू : कोनत्या?

प्रेमदास : वस्तीच्या. दसरा चार दिवसावर आलता. नागपूरच्या दीक्षेले एक वर्ष होत होतं, बाहेरगावचे लोक येनार होते, अन् ओट्याची वरची फरशी अर्धीच झालती. ओट्याचं काम पाहनारे बंडूजी म्हने, शिमिट खतम, परमिट भेटत नाई. साऱ्याईचे चेहरे उतरले. माह्याकडं अर्धं पोतं होतं. मी देलं.

लहानू : अन् इथं?

प्रेमदास : चिकन माती भरली. वरून चुन्याचं पानी मारलं. तुमी येऊन पाहान म्हून.

लहानू : मले फसवाले?

प्रेमदास : हव. मले वाटलं दिवाळीनंतर परमिट भेटन, तवा उकरून भरून घेऊ. मंग गिरणीत पाळी बदलली. मंग राहूनच गेलं. मोरीचं पानी जातच होतं ना बराबर. वरून काईच दिसत नव्हतं.

लहानू : अन् मी येडा, पाहाले आलोच नाई. दुसऱ्याच्या भरवशावर जोड सोडला. मिस्त्री म्हनते मले लोक. ...कांताबाईले माहीत आहे?

प्रेमदास : नाई.

लहानू : म्हंजे ते बाई रोज शिव्या खाऊन राह्यली, अन् तू...

प्रेमदास : सांगतलं तं साऱ्या वस्तीले वाटन का आपल्या ओट्यापायी पोरगी गेली. तिथं लोक वंदनेले बसते. लेकरं बसते. उद्या कोनी त्या ओट्यावर फूल ठेवाले भेईन. मी कसा सांगू?

लहानू : तुले ओट्याची काळजी आहे का सोताची?

प्रेमदास : दोन्ही. सोताची जास्त.

लहानू : आता खरं बोलला. चूप, आली पाह्य ते. ...आल्या का कांताबाई? नदीवरून आल्या?

कांता : हव मिस्त्रीभाऊ. आज गर्दी होती. ठरला का नळ?

लहानू : ठरते आता. घागर उतरवू का?

कांता : नोका. सवय झाली. हे काय, एवढी माती काऊन निंगाली नळातून?

लहानू : प्रेमदास.

कांता : काय आहे?

लहानू : प्रेमदास, मी सांगू का तू सांगतं?

प्रेमदास : अवं, घागर ठेव खाली.

कांता : बोला. आयकू येते मले.

प्रेमदास : ह्या नळाच्या चार जोडाईत शिमिट नाई. माती आहे. मी भरली. आपलं शिमिट मी ओट्याले देलं. न्हानीचं पानी इथून झिरपून इहिरीत जात होतं.

कांता : (घागर खाली ठेवून चरात वाकून पाहते.)

प्रेमदास : तू कपडे न्हानीतच धुतले होते. तुही काई चूक नाई.

कांता : सात जोडातले कोनते चार?

प्रेमदास : इकडचे. इहिरीजवळचे.

कांता : तिकडचे काऊन नाई? तिकडं माती भरली असती तं न्हानीजवळच्या वाफ्यातली निस्ती भाजी भिजली असती.

लहानू : तिकडून मी सुरू केलतं बाई. न्हानीपासून. माहं बी चुकलं.

कांता : तुमाले कधी समजलं, का पानी इथून जाते?

प्रेमदास : कमेटीवाला बाटलीत पानी भरून घेऊन गेला, त्या दिवशी.

कांता : म्हंजे शेवंती होती तवा.

प्रेमदास : होती. नववा दिवस होता तापाचा.

कांता : त्याच दिवशी त्या साहेबानं मले साऱ्या बायाईसमोर विचारलं, पानी उकळून देत होत्या का? मी म्हटलं नाई. खोटं कायले बोलू? तुमी दरवाज्यात उभे होते.

प्रेमदास : हव.

कांता : तवापासून मी रोज तेच पाहून राह्यली. चूल पेटलेली आहे, पानी उकळाचा गंज रिकामा आहे, अन् मी लेकराले घागरीतलं पानी देऊन राह्यली. रातभर तेच. सकाळी नदीवर गेली का धुरपताबाई आपली घागर दूर सरकवते. मी म्हनो, सरकवन नाई तं काय करन? मी तशीच आहे.

प्रेमदास : मले मार पायजे तं. बोल काईतरी.

कांता : मले राग याले पायजे. पाहून राह्यली मी, कुठं आहे तो. नाईच आहे. तुमाले पाहून काईच वाटत नाई. ना राग, ना दया.

प्रेमदास : मले बी तसंच होते.

कांता : तुमचं नोका सांगू मले.

लहानू : बाई, बसा जराशा. पानी देऊ का?

कांता : मले आधी सांगतलं असतं तं मी खूप भांडली असती. वडनेरले मायकडं निंगून गेली असती. मंग माय म्हनली असती, जाय पोरी, अन् मी आली असती. आता भांडाले बी जीव लागते.

प्रेमदास : मले माफ नोको करू.

कांता : नाईच करत. मले सांगून काय होते हो? पोरगी तं येत नाई. ज्याईले सांगाचं त्याईले सांगा. धुरपताबाईले सांगा. बंडूजीले सांगा.

प्रेमदास : सांगीन. पन ओट्याचं...

कांता : ओट्याचं नाव नोका घेऊ. ओट्यानं शिमिट मागतलं होतं का? लोकाईनं बी तुमाले मोरीतलं काढून दे म्हटलं नव्हतं. त्याईले काय माहीत? तुमी देलं, चांगलं केलं. मंग माती भरली, अन् त्यावर चुना मारला. तेवढंच सांगा, का मी माती भरली अन् लपवली.

लहानू : बराबर आहे बाईचं. अन् मी बी उभा राहीन संग. तीन जोड भरून निंगून गेलतो, पाहाले आलो नाई, हे मले बी बोला लागन.

कांता : तुमचं तुमी सांगजा. याईच्या मांगं नोका लपू, अन् याईले बी मांगं घालू नोका.

लहानू : नाई घालत.

प्रेमदास : आज पुनव आहे. सांजच्याले वंदनेले सारेच जमतीन ओट्यापाशी.

कांता : मंग आजच.

प्रेमदास : आज दुसरी पाळी आहे मायी.

कांता : खाडा करा.

प्रेमदास : बरं.

लहानू : पन मंग नळाचं काय करू? वंदनेच्या आंधी चर झाकून घ्या लागन, नाई तं अंधारात कोनी पडन यात.

कांता : झाकू नोका. एक कंदील ठेवा अन् उघडाच राहू द्या. ज्याले पाहाचं त्यानं येऊन पाहावं. अन् नळ बिडाचा आना. जोड दोनच म्हनले ना तुमी?

लहानू : दोनच. अन् ते बी इहिरीपासून दूर पाडून देतो. मधला नळ सलग इहिरीपुढून जाईन.

कांता : भराच्या दिवशी मले हाक मारजा. मी बसून पाहीन. शिसं ओतताना बी पाहीन.

लहानू : धूर लागन डोळ्याले.

कांता : लागू द्या.

प्रेमदास : अवं.

कांता : काय?

प्रेमदास : सांजच्याले तू येतं का संग? मले एकट्याले उभं राहनं होईन का नाई, माहीत नाई.

कांता : येईन. पन तुमच्या बाजूले नाई उभी राहत. बायाईत उभी राहीन.