पार जैसे थे ठेवा

माहेर माहं कामठ्याकडलं. लग्न होऊन या गावात आली तं सासऱ्यानं दुसऱ्याच दिशी मले आमची बोडी दाखवाले नेलं, म्हणजे वावरातला लहानसा तलाव जी, त्याच्या बापानं खणलेला, अना पारीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर जी, उभा राहून म्हणला, सूनबाई, घरात भांडलीस तं चालते, पण ही पार सांभाळजो. तवापासून सांभाळूनच राहिली मी. मालक गेले, पोरगा फुलचूरले राहून ऑटो चालवते, बोडी माह्याच गळ्यात हाये.

आता काय सांगू तुमाले. मागच्या पावसाळ्यात धानाचा रोवणा झाला अना असा पाणी झोडपला का पार मधातूनच फुटली, बैलबंडी जाईल एवढी. तलाठ्याले फोन लावला. तलाठी पोरगा भला हाये, पण पुण्याकडला. तो म्हणला, काकू, पार दुरुस्तीला सरकारची तातडीची मदत आहे, साहेब पाहायला येतील, तोपर्यंत पार जैसे थे ठेवा.

आता जैसे थे म्हणजे काय होते, सांगा बरं? गोंदियाच्या बाजारात आमी दिवसभर हिंदीच बोलतो. जैसे थे, म्हणजे पहिले होती तशी! मी म्हणली, वा, सरकारबी शहाणं झालं. साऱ्या मोहल्ल्याले हाक मारली, बाया-माणसं कुदळ-टोपले घेऊन आले, चिखलात उतरून माती टाकली, धुमसली, अना जैसे थी वैसी पार उभी केली. पाणी वाहून गेलं असतं तं धान वाळलं असतं ना जी. मंग मदतीचे दगड लावून पार पक्की करू म्हटलं, कच्ची माती किती टिकते?

आले साहेब. जीपमधून उतरून पारीवरूनच चालत आले, अना विचारतात, फुटलंय कुठं? मी म्हणली, तुमच्या पायाखाली. तं म्हणे, नुकसान दिसत नाही, हात कशाला लावलात, जैसे थे ठेवायला सांगितलं होतं ना. माहं टाळकंच सरकलं. जैसे थीच तं ठेवली! तलाठी हासला, अना हासणं तसंच गिळलं. मी सोडली नाही. काऊन जी, धान काय तुमच्या जीपची वाट पाहते? पीक मरू द्याचं, मंग तुमी येऊन मेल्याचा फोटो काढणार? साहेब म्हणे, नियम आहे मावशी, पुढच्या वेळी हात लावू नका. अना वरच्या बोडीवाला, नागपूरले राहते, शेत पडीत, त्यानं आपल्या फुटल्या पारीले बोट नाही लावलं. त्याले मदत भेटली!

अवंदा पाऊस लागला का मी पारीवर येऊन बसते. मातीच ती, झिरपूनच राहिली. पोरगा म्हणते, आई, आता फुटली तं राहू दे, फोटो काढू. जीभ हासडीन म्हटलं. फुटली तं मी बुजवीनच.

लिहून घ्या हे. त्या साहेबाचं देव भलं करो, लेकरंबाळं सुखी राहोत. फक्त एखाद्या पावसाळ्यात त्याच्या घराचं छप्पर उडो, अना कोणीतरी त्याले सांगो, जैसे थे ठेवा.