वरच्या मजल्याचं दार

"हॅलो?… कोण, प्राची?… हो, बोल."

संघमित्राने फोन दुसऱ्या कानाला लावला. नायगावच्या आपल्याच इमारतीच्या गेटात ती उभी होती. शेजारी चौकशीला आलेले फायर ब्रिगेडचे साहेब मान वर करून एकेक खिडकी बघत होते. तिने त्यांना हाताने थांबायची खूण केली. प्राची म्हणजे पाचव्या मजल्यावरची, सोसायटीच्या चेअरमनची, हितेंद्रची बायको. संघमित्राची आई गेल्यापासून तिचा हा पहिलाच फोन.

"जेवणाचं राहू दे… हो, मामाकडेच आहे अजून. त्या घरात कशी राहू?… आईच्या पुण्यानुमोदनाला आली नाहीस ते कळलं मला. सगळ्यांनाच कळलं… नाही गं, रागवायचं काय त्यात. काम सांग."

दोघी एका चाळीत वाढलेल्या. प्राचीने सासरही त्याच चाळीतलं केलं. चाळ पाडून इमारत झाली तेव्हा दोघींना वरखाली घरं मिळाली, म्हणून संघमित्राच्या आईने, मीराबाईंनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले होते.

"हं… हं… हितेंद्रने पोलिसांना काय सांगितलं?… परत बोल… ग्रिलला दार आईनेच नको म्हटलं होतं? चोरांच्या भीतीने?… आणि मीही तेच सांगायचं?"

तिचा आवाज चढला नाही. उलट आणखी खाली आला.

"अगं ऐक ना… आधी ऐक. मी तुझ्या घरी आले होते. म्हटलं, आमच्या बेडरूमच्या ग्रिलला एक उघडणारं दार ठेवा, आतून कुलूप लावू, चावी बाजूलाच खिळ्याला. आईचे गुडघे गेलेत, जिन्यात काही झालं तर तिथून तरी तिला काढता येईल… आठवतंय ना?… मग हितेंद्र काय म्हणाला?… मी सांगू? रस्त्यावरून सगळी ग्रिल एकसारखी दिसली पाहिजेत, म्हणाला. एकाला दिलं की सगळे मागतील… तू चहा घेऊन आलीस. बसलीस. एक शब्द बोलली नाहीस."

जिन्याखालच्या मीटरच्या खोलीने पेट घेतला तेव्हा भर दुपार होती. संघमित्रा परळला ऑफिसात. ती धावत पोचली तोवर जिना धुराने भरला होता आणि चौथ्या मजल्यावर मीराबाई ग्रिलमधून दोन्ही हात बाहेर काढून उभ्या होत्या. ओरडत नव्हत्या, नुसते हात हलवत होत्या. बंबाची शिडी उभी राहिली, त्यांच्या समोरून गेली आणि वरच्या खिडकीला लागली.

"वर का गेली शिडी, प्राची?… नाही, तू सांग… बरोबर. तुझ्या ग्रिलला दार होतं. बिजागऱ्या आतून लावलेल्या, खालून कुणाला दिसतच नव्हतं. त्या दिवशी उघडलंत तेव्हा कळलं… तू उतरलीस, सासूबाई उतरल्या. त्यांचं वाईट नाही वाटत मला. सुटल्या ते चांगलंच झालं… पण उतरताना आईने तुझी ओढणी धरली होती… मी खाली होते, प्राची. पाहिलं मी… हो, सोडवून घेतलीस. पडली असतीस, खरंय."

कटर वर चढवून ग्रिल कापेपर्यंत ते हात आत गेले होते.

संघमित्राने साहेबांना पुढे व्हायला सांगितलं आणि त्यांच्या मागून जिना चढू लागली. भिंती अजून काळ्याच होत्या. बोट लागलं की काजळी यायची.

"रडू नकोस, मला ऐकू येत नाही तुझं… परवा तुमच्या खिडकीतून ठिणग्या पडत होत्या, त्या कसल्या?… एसीचं काम? वेल्डिंगवाला एसी लावायला आला होता?… मी समोर रसवंतीतच बसले होते गं. तुझ्या त्या दाराला डाग देऊन ते बंद केलं ना त्याने? म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, यांचंही ग्रिल बाकीच्यांसारखंच… रंग तरी वाळलाय का?"

चौथ्या मजल्यावर आपल्या दाराकडे तिने पाहिलं नाही. कठड्याला धरून तशीच वर गेली.

"काय?… सासूबाई झोपत नाहीत?… सारख्या खिडकीशी जाऊन ग्रिल ओढून बघतात?… आणि तू?… भीती वाटते. बरं… नाही, समजूत नाही घालणार मी. ऐकून बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?"

खरंच बरं वाटलं होतं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच पोटात भूक जाणवली तिला. लाज वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. वाटली नाही.

"मैत्री होती. होती ना, मी कुठे नाही म्हणते… तक्रार मागे घेणार नाही… त्याला आत टाकलं तर टाकू देत… हो, तुझा संसार आहे, माहीत आहे… अगं, त्याचं काय करायचं ते कोर्ट बघेल. मला तू पाहिजेस. तू तुझ्या तोंडाने सांगायचंस. आम्हाला नाही म्हणाला आणि स्वतःला दार ठेवलं. आणि आता ते बंद केलं… उद्या नाही. आज."

पाचवा मजला आला. तिने बेल दाबली. आतली बेल तिला फोनमधूनही ऐकू आली.

"मीच आहे… फायर ब्रिगेडचे साहेब आहेत सोबत… हितेंद्र वकिलाकडे गेलाय, मला माहीत आहे. म्हणून तर आत्ता आले… विचारून सांगते? कुणाला विचारतेस?… नाही, जबरदस्ती कसली. नको उघडूस. कडी तुझ्या हातात आहे, प्राची. आईच्या हातात तुझी ओढणी होती."

तिने फोन कापला. साहेब अवघडून एक पाऊल मागे सरले. ती दारासमोरून हलली नाही. आतून म्हातारीने कोण आहे म्हणून विचारलं. मग कडी सरकली.