जोखीम कोणाची?

चिखलीच्या विमा कचेरीत योगिनी हप्ता भरायला रांगेत उभी होती. तिच्या पुढेच शालूबाई आणि त्यांचे यजमान उत्तमराव. नुकतीच घेतलेली पॉलिसी रद्द करायला आलेले. खिडकीतल्या साहेबाशी शालूबाईच बोलत होत्या.

“साहेब, सारे पैसे वापस द्या. तुमीच म्हणले होते, फ्री लूक हाय, पाहून घ्या, नाही पटली तं वापस करा. मंग फ्रीचे पैसे काऊन कापून राह्यले?”

“मावशी, काकांची डॉक्टरी तपासणी झाली ना, तिचे कापतो.”

“डॉक्टरनं पाह्यलं, अन् पैसे आमचे? बरं, काय निंघालं त्यात?”

“काही नाही. काका एकदम ठणठणीत.”

“ऐकलं का जी? ठणठणीत! अन् घरी पान्याची बादली उचला म्हणलं का कंबर धरते हे.”

“साहेबापुढं कायले सांगतं वं?”

“तुमी उगे राहा. साहेब, अन् हे दुसरे कायचे कापले?”

“इतके दिवस काकांच्या जिवाची जोखीम कंपनीवर होती, त्याचे.”

“कंपनीवर? म्हंजे?”

“म्हणजे मधेच काका गेले असते, तर तुम्हाला मोठी रक्कम मिळाली असती.”

शालूबाईंनी उत्तमरावांचा दंड धरला. उत्तमराव छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

“म्हणून तं रद्द कराले आनलं याहिले. पॉलिसी आल्यापासून मले झोप नाही. याहिचं घोरनं थांबलं का मी उठून नाकापाशी बोट धरून पाह्यते.”

“मग मावशी, कपात मान्य ना?”

“डॉक्टरचे कापा. जोखमीचे मले द्या. रातभर कंपनी नव्हती जागी, मी होती.”